कडूबाचा बावीस लिटरचा डबा

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कडूबानं गाडीत वूफर बसवायचं काढलं. शालू भाकरी थापत होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं.

"पोरं बसवतात तसला? धडधड करणारा?"

कडूबाच्या कानात त्यातलं फक्त 'धडधड' शिरलं. तो म्हणाला, "व्हय."

शालूनं भाकरी तव्यावर टाकली आणि विषय तिथंच राहिला. त्या घरात गेली काही वर्षं बरेच विषय तिथंच राहत होते.

कडूबा मूळचा देवगाव रंगारीचा. घरी चार एकर कोरडवाहू आणि वीस-पंचवीस शेळ्या. बाप सांडू शेळ्यांमागं हिंडायचा आणि थोरला भाऊ सूर्यभान शेत बघायचा. कडूबा बारावीला गणितात आपटला आणि एकविसाव्या वर्षी वाळूजला एका कंपनीत पॉवर प्रेसवर लागला. पत्रा सरकवायचा, दोन्ही हातांनी बटणं दाबायची, दीडशे टनांचा ठोका खाली यायचा, तयार तुकडा बाहेर काढायचा. मिनिटाला आठ-नऊ ठोके. शेजारी तसलेच आणखी अकरा प्रेस. पहिल्या महिन्यात घरी आल्यावरसुद्धा त्याच्या डोक्यात ठोके चालू असायचे. पुढं ते बंद झाले. त्याला वाटलं, सवय झाली.

कंपनी कानात घालायला नारिंगी बोळे द्यायची. कुणी घालत नव्हतं. मशीनचा ठोका चुकला तर आधी कानाला कळतं, हाताला मागून, असं जुने कामगार सांगायचे आणि ते खोटं नव्हतं. कडूबाची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली. प्रेसच्या खात्यात ही मोठी गोष्ट होती.

कान मात्र गेले. एकदम नाही गेले. आधी सकाळच्या चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग बायकांचं आणि पोराबाळांचं बोलणं. आवाज यायचा, पण शब्दांच्या कडा झिजलेल्या असायच्या. 'सात' म्हणाले की 'साफ' की 'हात', हे तोंडाकडं बघून ओळखावं लागायचं. पुरुषांचे जाड आवाज समजायचे, ट्रकचं इंजिन समजायचं. त्यामुळं आपण बहिरे आहोत असं त्याला बरीच वर्षं वाटलंच नाही. लोकच हळू बोलायला लागलेत, असं वाटायचं.

वर्षातून एकदा कंपनीत तपासणीची गाडी यायची. आत बसवून कानाला हेडफोन लावायचे आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाब म्हणायचे. समोर काच होती. काचेपलीकडं बसलेल्या पोराचा अंगठा हलला की कडूबा बटण दाबायचा. दरवर्षी पास. नापास झालेल्याला प्रेसवरून काढून स्टोअरला टाकत, आणि स्टोअरला ओव्हरटाइम नव्हता. गारखेड्यातल्या घराचे हप्ते ओव्हरटाइमवर चालू होते. मग काय करणार? अंगठ्याकडं बघायला शिकला.

घरच्यांना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की माणूस गप्प झालाय. हाक मारली तर वळत नाही, विचारलं तर 'हं' म्हणतो, पाहुणे आले की गच्चीवर जाऊन बसतो. शालू आधी भांडली, मग तिनं भांडण सोडलं. मुलगी तनुजा लहानपणी शाळेतलं सगळं येऊन सांगायची. पुढं ती आईला सांगायला लागली. कडूबालाही आपण असेच आहोत, असं वाटायला लागलं. आतून काही उठतच नाही, तर दाखवणार काय?

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात सांडू गेला. कडूबा गावी पोचला तेव्हा अंगणात बायका रडत होत्या. आई दगडाबाई जमिनीवर हात आपटत होती. कडूबाला उघडी तोंडं दिसत होती आणि लांब कुठंतरी वारा चालल्यासारखं वाटत होतं. सूर्यभाननं गळ्यात पडून हंबरडा फोडला. कडूबानं त्याच्या पाठीवर हात फिरवला. तेरा दिवसांत त्याच्या डोळ्याला पाणी आलं नाही. जमिनीवर बसून त्यानं वाढलेलं सगळं जेवण संपवलं. कंपनीत परत आल्यावर त्यानं पहिल्याच दिवशी ठरलेला आकडा पुरा केला.

पुढच्या वैशाखात सूर्यभानचा मुलगा भारत याचं लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या पाराला निघाला. पुढं टेम्पोवर डीजे, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. ऊन मी म्हणत होतं. सावली म्हणून कडूबा टेम्पोला लागून उभा राहिला आणि गाणं सुरू झालं.

गाणं कोणतं होतं ते त्याला कळलं नाही. पण बरगड्यांत काहीतरी शिरलं. एक ठोका, मग दुसरा. पोटातून वर, छातीतून घशात. प्रेसच्या ठोक्यासारखा तो नव्हता. त्याला ताल होता, पुढचा कधी येणार ते अंगाला आधी कळत होतं. कडूबा अर्धा तास तिथून हलला नाही. सूर्यभान येऊन ओरडला, "आरं बाजूला व्हय, कान फुटतील!" कडूबा हसला. भावानं त्याला किती वर्षांनी हसताना पाहिलं, कोण जाणे.

परतताना तो आपली जुनी वॅगनआर चालवत होता. शालू पुढं, तनुजा मागं, दोघी काही बोलत होत्या. गाडीतला रेडिओ चालू होता, म्हणजे त्याचा दिवा लागलेला होता. कडूबाच्या छातीत पुन्हा सगळं सपाट झालं होतं. तेव्हाच त्याच्या मनात आलं, की गाडीतसुद्धा ते बसतं.

औरंगपुऱ्यात एका गल्लीच्या तोंडाशी नईमभाईचं दुकान होतं. तीन माणसं उभी राहिली की भरणारं. कडूबा आधी दोन मोठ्या दुकानांत जाऊन आला होता. तिथली पोरं भराभर बोलली, त्याला काही उमगलं नाही, तो 'बरं' म्हणून बाहेर पडला. नईमभाईचा आवाज मात्र हंड्यातून आल्यासारखा घुमायचा. शब्द न् शब्द कळला. दुकान ठरायला एवढं पुरे होतं.

"काका, बजेट बोलो पहले," नईमभाई म्हणाला. "दिल की बात बाद में."

"सोळा हजार. त्याच्या वर नाय."

"हो जाता. लेकिन मेरा सुनना पडेगा." त्यानं फळीवरचा एक खोका पुढं ओढला. त्यावर पाच हजार वॉट असं सोनेरी अक्षरात लिहिलं होतं. "ये पाच हजार वॉट स्टिकर है. आवाज नक्को देखो, स्टिकर नक्को देखो. सलग किती ताकद झेपते ते बघायचं. ही दोनशेची चीज आहे. पण खरी दोनशे."

मग त्यानं गाडीची डिकी उघडून पाहिली आणि ओठ आवळले. डिकीत सीएनजीची टाकी आडवी बसवलेली होती. मागच्या दारापर्यंत जेमतेम वीतभर जागा.

"सीटखाली बसणारा चपटा वूफर येतो," तो म्हणाला. "जागा खात नाही. पण पाठीला नाही लागणार. तुम्हाला काय पाहिजे, ऐकायला की अंगाला?"

असा प्रश्न कडूबाला आजवर कुणी केला नव्हता. "अंगाला," तो म्हणाला.

"मग डबा बनवावा लागेल. स्पीकर तर नुस्ता कागद हलवतो, काका. काम डबा करतो. माप घेऊन या. टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला पाहिजे, हात गेला पाहिजे. त्यात तडजोड नाही."

माप घ्यायला कडूबा रविवारी टेप घेऊन डिकीत वाकला. तनुजा कपडे वाळत घालत होती. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. बाप आठ वेळा तेच माप घेतोय आणि कागदावर खोडतोय, हे बघून ती जवळ आली. काही बोलली. कडूबानं 'हं' केलं. तिनं त्याच्या हातातून टेप घेतली.

त्या दुपारी बापलेकीनं डबा कागदावर काढला. लांबी ऐंशी सेंटिमीटर, उंची बत्तीस, जाडी चौदा. तनुजानं लिहिलं, अठरा मिलिमीटरच्या फळ्या धरल्या तर आत बावीस लिटर हवा राहते. कडूबानं नईमभाईला फोन लावला आणि फोन तिच्याकडं दिला. ती ऐकत गेली, लिहीत गेली. दहा इंची, कमी खोलीचा स्पीकर, वापरलेला पण चांगला, साडेचार हजार. ॲम्प्लिफायर पाच हजार. तांब्याची वायर, अठराशे. त्यापुढं तिनं बापासाठी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'स्वस्तातली वायर घेऊ नका, आत अॅल्युमिनियम असतं. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. वायर गॅसच्या पाइपापासून लांब.' फळ्या आणि कापणी दोन हजार. दारं खडखडू नयेत म्हणून आत चिकटवायचे जाड पत्रे आणि बसवणी, पंधराशे. बेरीज चौदा हजार आठशे.

"जमतंय की," कडूबा म्हणाला.

ती काहीतरी म्हणाली आणि हसली. काय म्हणाली ते विचारायचं त्याच्या मनात आलं. पण विचारलं की ती पुन्हा सांगणार, पुन्हा कळणार नाही, मग ती म्हणणार 'जाऊ द्या'. त्यानं नुसती मान हलवली.

डबा गारखेड्यातल्याच एका सुताराकडून कापून आणला. फटीत पुट्टी भरली. आत हवा बरोबर बावीस लिटर आहे का, हे तनुजानं तपासलं. शालूच्या कोठीतले गहू लिटरच्या मापानं मोजून डब्यात ओतले. एकवीस मापं गेली आणि वर थोडे. शालू कंबरेवर हात ठेवून बघत होती. "गव्हाला भुसा लागला तर दोघांना निवडायला बसवीन," ती म्हणाली. तनुजा हसली म्हणून कडूबाही हसला.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी कडूबा आणि तनुजा औरंगपुऱ्यात गेले. नईमभाईनं सकाळपासून काम केलं. मागची सीट काढली, गालिच्याखालून वायर नेली, डबा टाकीच्या मागं दोन पट्ट्यांनी आवळला, सीट परत बसवली. व्हॉल्व्हपर्यंत हात जातो का, ते स्वतः तीनदा घालून पाहिलं. दुपारी तीनच्या सुमारास तो म्हणाला, "बैठो काका, पुढं बसा. आता गाणं नाही लावत. आधी सूर लावतो. एकच सूर, खालून वर जातो, आधी वूफरमधून, मग दारांतल्या स्पीकरांतून. गाडीत काय काय खडखडतं, ते कळतं."

कडूबा चालकाच्या जागेवर बसला. तनुजा शेजारी. मागं नईमभाई हातात फोन घेऊन, दारं बंद.

"आँख बंद करो. आवाज आहे तोवर बोट वर ठेवा. मजा येईल."

कडूबानं डोळे मिटले. बोट वर केलं.

आधी पाठीत आलं. सीटमधून, मणक्यातून, सावकाश. मारुतीच्या पाराजवळ लागलं होतं तेच, त्याहून लहान. त्यानं श्वास सोडला. सूर चढत गेला. पोटातून छातीत, छातीतून खांद्यात. मागं नंबरप्लेट थरथरली, नईमभाई "ये टाइट करना पडेगा" म्हणाला. सूर आता कानात होता. पुरुषाच्या आवाजाएवढा झाला, मग बाईच्या आवाजाएवढा, मग बारीक, मग अगदी दोऱ्याएवढा. मग संपला. कडूबानं बोट खाली घेतलं आणि डोळे उघडले.

तनुजानं दोन्ही कान तळहातांनी दाबून धरले होते. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आरशात नईमभाईचा अंगठा अजून फोनवर होता आणि तोही एक डोळा बारीक करून बसला होता.

कडूबा दोघांकडं बघत राहिला. गाडीत काहीच नव्हतं. दुपारची गल्ली होती, समोरून एक रिक्षा बिनआवाजाची गेली. आणि तनुजा कान दाबून बसली होती.

मग तिचं लक्ष त्याच्या बोटाकडं गेलं. ते मांडीवर पडलेलं होतं. तिनं कानांवरचे हात हळूहळू काढले. सूर अजून चालू असणार, कारण तिचे डोळे मिचमिचत होते. ती बापाकडं बघत होती. डोळे मिटल्यावर कडूबाला कुठला अंगठा बघायची सोय नव्हती.

"बंद करा," ती नईमभाईला म्हणाली. तेवढं त्याला ओठांवरून कळलं.

नईमभाईनं पैसे घेतले, नंबरप्लेटचे स्क्रू आवळले, आणि दोन चहा मागवले. पैसे परत देतो म्हणावं असं काही त्याच्या हातून झालं नव्हतं, तरी तो अवघडल्यासारखा उभा होता.

तनुजानं पर्समधून डब्याच्या मापांचा कागद काढला. त्याच्या मागं लिहिलं, 'कधीपासून?'

कडूबानं वाचलं. चहाचा घोट घेतला. "तू पाचवीत असशील."

'सांगितलं का नाही?'

"आधी मलाच नाय कळलं. कळलं तवा…" मग त्यानं तपासणीच्या गाडीचं सांगितलं. काच, अंगठा, बटण. चोरी कबूल करावी तसं त्यानं ते सांगितलं नाही. पत्रा कसा सरकवतात ते सांगावं, तसं सांगितलं. तनुजा रडली. पोरगी रडतेय तर आपल्याला काही व्हायला पाहिजे, असं त्याला वाटलं. तो वाट बघत राहिला. काही झालं नाही. फक्त खूप थकल्यासारखं वाटलं, जसं डबल शिफ्टनंतर बूट काढताना वाटतं.

घरी गेल्यावर तनुजानं आईला सांगितलं. शालूनं सगळं ऐकून घेतलं आणि ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. "नऊ वर्षं मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

कडूबाला प्रत्येक शब्द कळला. "नाय," तो म्हणाला. "तसं नाय."

शालू आत गेली. बराच वेळ कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालत बसली. मग बाहेर आली, पुन्हा त्याच्या समोर, तेवढ्याच अंतरावर उभी राहिली. "जेवायला काय करू?"

"पिठलं."

"पिठलं तर पिठलं."

पुढच्या आठवड्यात तनुजानं त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं काच नव्हती, पाठ करून बसवलं. कागदावर रेघ आली. डावीकडं, जाड आवाजांच्या बाजूला, बरी, मधूनच खाली कोसळलेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मेलेल्या नसा परत येत नाहीत, कानात घालायच्या मशीननं उरलेलं थोडं वर उचलता येतं. आणि पुन्हा प्रेसवर उभं राहायचं नाही. कडूबानं कंपनीत कागद दिला. त्याला स्टोअरला टाकलं. ओव्हरटाइम गेला. शालूनं दोन घरी पोळ्यांचं काम धरलं आणि त्याविषयी घरात चर्चा झाली नाही.

मशीन आलं. पहिल्या दिवशी ताटावर चमचा पडला तर कुणी कानात खिळा मारल्यासारखं झालं. पंखा, नळ, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं एकाच मापाचं, सगळं अंगावर. तनुजा समोर बसली. "पप्पा, माझा आवाज येतोय का?" आवाज आला. बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पाचवीतल्या पोरीचा आवाज त्याच्या लक्षात होता. हा तो नव्हता, कुण्या परक्या मोठ्या बाईचा होता. "येतोय," तो म्हणाला. "चांगलाय." मशीन तो दिवसाला दोन-तीन तास घालतो. त्याहून जास्त सोसत नाही.

वूफर गाडीत आहे. सकाळी वाळूजला जाताना तो चालू करतो. पाठीला लागतं. मारुतीच्या पाराजवळ जे झालं ते पुन्हा झालं नाही. दहा इंची स्पीकर आणि बावीस लिटर हवा एवढं करू शकत नाही, हे नईमभाईनं आधीच सांगितलं होतं. कडूबानं बटण वाढवून बघितलं, मग परत कमी केलं. एवढं पुरतं. सोबत येणारे दोघं कामगार म्हणतात, काकाची गाडी झोपू देत नाही.

या उन्हाळ्यात तनुजानं गाडी शिकायचं मनावर घेतलं. रविवारी सकाळी बीड बायपासच्या पलीकडं एका रिकाम्या लेआउटमध्ये दोघं जातात. रस्ते आखलेले, घरं नाहीत. मशीन त्यानं खिशात ठेवलेलं असतं, इंजिनचा आवाज त्यातून फार टोचतो. ती गाडी उचलते, बंद पाडते, पुन्हा उचलते. परवा ती पहिल्या गिअरमध्येच बरीच पुढं गेली. काहीतरी विचारत होती. कडूबानं तिच्याकडं वळून पाहिलं.

"काय?"

तिनं मान वळवून, तोंड त्याच्यापुढं करून, सावकाश विचारलं, "गिअर कधी टाकायचा, कसं कळतं?"

"पुढं बघ, पुढं," तो म्हणाला. मग त्यानं तिचा डावा हात उचलून गिअरच्या मुठीवर ठेवला आणि वर आपला ठेवला. मूठ दोघांच्या हाताखाली बारीक बारीक थरथरत होती. ती थरथर वाढली.

"आता," कडूबा म्हणाला. "दुसरा टाक."